उद्या मंडळाचा इतिहास, गादीसकट

इतिहास लिहायला असं लागतं तरी काय? एक धड आठवण आणि टेकायला टेबल! माझ्याकडे दोन्ही आहेत. आठवण अशी, की कोणत्या गिऱ्हाइकाच्या कोणत्या शर्टाचं कितवं बटण गळालंय ते मी झोपेतसुद्धा सांगीन. आणि टेबल म्हणाल तर आमच्या लाँड्रीतलं, इस्त्रीचं. त्यावर एक अख्खा माणूस आडवा होऊ शकतो. दुपारी आमचे हे होतातच.

तेव्हा आमच्या 'उद्या मंडळा'च्या बैठकीत "आपला इतिहास लिहिणार कोण?" असा प्रश्न निघाला, तशी मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "द्या इकडे! दोन-चार दुपारच्या इस्त्रीत उरकून टाकते!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरं काय!

तुम्हाला उद्या मंडळ माहीत असण्याचं काही कारण नाही. आमच्या गल्लीलाही ते धड माहीत नव्हतं. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं हे मंडळ. अंतराळयानं, यंत्रमानव, काळात मागंपुढं करणारी माणसं, दोन-दोन सूर्यांचे ग्रह, असलं सगळं आठवडाभर वाचायचं आणि रविवारी जमून त्यावर भांडायचं. जागा आमच्या लाँड्रीच्या वरची खोली. तिची जमीन लाकडी फळ्यांची, आणि फळ्यांना फटी. खाली आमचा बॉयलर पेटला की वाफ त्या फटींतून हळूहळू वर जाते. थंडीत तर सगळं मंडळ ढगात बसल्यासारखं दिसतं. कमरेच्या वर माणसं, कमरेखाली धुकं. याची कुणी कधी तक्रार केली नाही. उलट एका रविवारी बॉयलर थंड होता, तर वरून विचारणा झाली, "वहिनी, आज वातावरण नाही का?"

भिंतीवर घड्याळंच घड्याळं. ती देणगी घड्याळकाकांची. ते मंडळाचे संस्थापक. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला आलेली आणि परत न्यायला कुणी न आलेली घड्याळं ते वर आणून टांगतात. प्रत्येकाची वेळ निराळी! मी एकदा म्हटलं, "काका, तुमच्या हातात कला आहे, जुळवून का नाही टाकत?"

तर म्हणाले, "वहिनी, ती चुकीची नाहीत. ती दुसरीकडची आहेत."

अशा माणसाशी काय वाद घालायचा!

आणि खिडकीजवळ एक रिकामी खुर्ची. ती पाहुण्याची. पाहुणा कोण, तर पुढच्या काळातला कुणीतरी, जो एक दिवस मागं फिरून आम्हाला भेटायला येणार आहे. मंडळाच्या पहिल्या बैठकीपासून काकांनी ती खुर्ची मोकळी ठेवलीय. बसायला स्टूल कमी पडलं तर माणूस उभा राहील, पण त्या खुर्चीला हात लावणार नाही. दर रविवारी मी एक कप चहा त्या खुर्चीपुढं ठेवते आणि बैठक संपली की गार झालेला खाली आणून दाराजवळच्या कुंडीत ओतते. त्या कुंडीतलं झाड आता पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावतं. पाहुणा पिवो न पिवो, चहा कुणाच्या तरी अंगी लागतोय.

माझं म्हणाल तर मी चहा द्यायला वर गेले आणि जिन्यात रेंगाळले, एवढंच. मग हळूहळू पुस्तकं खाली येऊ लागली. शाळेशी माझं फार दिवस जमलं नाही. पण शनीची कडी, प्रकाशवर्षं, कृष्णविवरं हे सगळं मी कॉलर आणि कफ यांच्या मधल्या वेळात शिकले. एका हातात इस्त्री, एका हातात पुस्तक. एकदा एक यान सूर्याकडं ओढलं जात होतं आणि खाली एका वकिलाची पँटही त्याच मार्गानं गेली. असो.

तर त्या खोलीवर संकट आलं. इमारतीचे म्हातारे मालक गेले आणि कारभार त्यांच्या पुतणीकडं आला. तिचा धंदा नळाच्या तोट्यांचा. तिला आम्ही पाहिलं नव्हतं. फक्त निरोप आला, की वरच्या खोलीत तोट्यांचं गोदाम करायचंय. मंडळ खरंच चालत असेल तर विचार करू, नुसतं पाटीपुरतं असेल तर खोली रिकामी करा. रविवारी संध्याकाळी स्वतः बघायला येते.

पाटीपुरतं! पाटी तर कधीच पडली होती. आणि मंडळ म्हणजे उरलो होतो आम्ही चौघं. काका, मी, दाताच्या डॉक्टरीणबाई आणि शंकासुर. शंकासुर वीज कंपनीत मीटर वाचायचे. आता निवृत्त आहेत, पण समोरच्याकडं अजून आकडा चुकला असावा अशाच नजरेनं बघतात.

"गोदाम झालं तर दुसरी खोली बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या दवाखान्यात बसू. खुर्ची आहेच."

"त्या खुर्चीत कोण बसेल?" शंकासुर म्हणाले.

काका मात्र म्हणाले, "पाहुण्याला काय सांगायचं? इतकी वर्षं हा पत्ता धरून बसलोय. तो इथं आला आणि इथं तोट्या असल्या तर?"

कुणी हसलं नाही. काकांच्या हातानं खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती. घड्याळाच्या पोटातला केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात!

मग त्यांनीच इतिहासाची कल्पना काढली. "इतिहास लिहू. त्यात खोलीचा पत्ता, हा येता रविवार, संध्याकाळी पाचची वेळ, सगळं छापू. एखादी प्रत कुठंतरी टिकेल. शंभर वर्षांनी, हजार वर्षांनी कुणीतरी वाचेल. वाचणारा केव्हाही जन्मो, येणार तो याच रविवारी!"

"आणि नाही आला तर?" शंकासुरांनी विचारलं.

"तर एकही प्रत टिकली नाही, असं समजायचं," काका म्हणाले. "आपली कुणालाही आठवण राहिली नाही. मग खुशाल तोट्या ठेवू द्या."

आता कळलं का, मी ट्रे खाली का ठेवला ते?

पण इतिहास लिहायला घेतला आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं. माझी आठवण चांगली आहे हो, पण बाकीच्यांचीही चांगली निघाली! आणि प्रत्येकाची निराळी.

"पहिल्या बैठकीला मी होतो," शंकासुर म्हणाले.

"तुम्ही मीटर वाचायला आला होतात," काका म्हणाले.

"पण थांबलो होतो ना?"

"आकडा जुळेना म्हणून!"

मंडळात फूट कशी पडली यावर तर एक अख्खी दुपार गेली. यंत्रमानवाला दुखतं की नाही, यावरून ती पडली होती. डॉक्टरीणबाई 'दुखतं' पक्षाच्या. त्यांचं म्हणणं, तोंड उघडायला सांगितल्यावर कळतं. 'दुखत नाही' पक्ष रागारागानं उठला, समोरच्या बेकरीच्या माडीवर गेला आणि त्यांनी तिथं परवा मंडळ काढलं. कानामागून आले आणि तिखट झाले! पण परवा मंडळ फार टिकलं नाही. परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा, यावर त्यांच्यातही फूट पडली.

मी सगळ्यांचं सगळं लिहिलं. आकडा जुळेना तिथं दोन्ही आकडे दिले. इस्त्री चालूच होती, त्यामुळं मजकुराला वाफेचा थोडा पोत आला असेल. पहिल्या पानावर काकांनी सांगितलेलं निमंत्रण जसंच्या तसं घातलं: 'रविवारी संध्याकाळी पाच वाजता लाँड्रीच्या वरच्या खोलीत या. कुठल्याही काळातलं असलं तरी चालेल. संकोच नको. आम्ही वाट बघतोय.'

छापखानेवाला म्हणाला, "बाई, मागचं पान कोरं राहतंय. बरं नाही दिसत."

कोरं पान आणि रिकामी दोरी मला बघवत नाही! मी तिथल्या तिथं सांगितलं, "लाँड्रीची जाहिरात टाका. ब्लँकेटं, रजया, पडदे, जे असेल ते, निम्म्या दरात."

छापखानेवाला आपला भला माणूस. पण घडी घालणं हे इस्त्रीवाल्याचं काम, छापखानेवाल्याचं नव्हे. त्यानं मागचं पान पुढं आणलं. म्हणजे वर मोठ्या अक्षरात रजया निम्म्या दरात. पान उलटलं की निमंत्रण. आणि त्याच्या मागं, कुणी इतका पुढं गेलाच, तर इतिहास.

हे मला कळायच्या आत आमच्या ह्यांनी वाटप उरकलं होतं. मी एवढंच म्हटलं होतं, "जरा लोकांपर्यंत पोचवा." ह्यांनी इस्त्री होऊन घरोघर जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यात एकेक प्रत घातली. आमचे हे बोलत नाहीत, पण एकदा काम सांगितलं की मग ते थांबवणं देवाच्याही हातात नाही.

रविवार उजाडला. काका नवा कोट घालून बसले. डॉक्टरीणबाईंनी बिस्किटं आणली. मी 'वातावरणा'साठी मुद्दाम बॉयलर पेटवायला लावला आणि पाहुण्याचा चहा खुर्चीपुढं ठेवला. मालकीणबाईंसाठी वेगळा कप काढला. तोट्यांचा धंदा करणारी बाई म्हणजे चांगली धिप्पाड, पितळी आवाजाची असणार, असं आपलं माझं मत.

पाच वाजायला लागले. एकदम नव्हे, आमच्याकडं पाच वाजायला बराच वेळ लागतो. आधी दारावरच्या घड्याळात वाजले. कुणी आलं नाही. मग कपाटावरच्या घड्याळात वाजले. गल्लीत सामसूम. मग कोकिळेच्या घड्याळाचं दार उघडलं, पण त्यातली कोकीळ बाहेर आली नाही. ती कधीच येत नाही. काका प्रत्येक टोल्याला मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. वाफ गुडघ्यांपर्यंत आली होती. खिडकीतून तिरपं ऊन त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसलं होतं, पाय दुमडून बसल्यासारखं. मला वाटलं, हेच आलंय वाटतं!

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

काका ताडकन उठले. दार उघडलं. दारात एक बाई, आणि तिच्या हातात तिच्याएवढंच गाठोडं!

"या! या!" काका दारापर्यंत धावले. "कुठल्या... कुठल्या काळातून?"

"आईच्या लग्नातली आहे," बाई म्हणाली. "कुठल्याही काळातली चालेल असं लिहिलंय ना? रजई आहे. कुठं ठेवू?"

मी तिच्या हातातली प्रत उलटीपालटी करून पाहिली आणि मटकन खाली बसले. पण उठावं लागलं, कारण तिच्या मागं ब्लँकेटवाले आजोबा होते, त्यांच्या मागं पडदेवाली जोडी होती, आणि त्यांच्या मागं जिना दिसत नव्हता!

"वहिनी, ही माणसं आहेत की गाठोडी?" शंकासुर ओरडले.

"चिठ्ठ्या लावा!" मी म्हटलं. "नाव विचारा आणि चिठ्ठी लावा, नाहीतर एकाची रजई दुसऱ्याला जाईल!"

चाळीस वर्षं मीटर वाचलेला माणूस! असा कामाला लागला म्हणता! डॉक्टरीणबाई रांग लावत होत्या. "पुढं या. बसा. घाबरू नका. काही होत नाही." गाठोड्यांचे डोंगर झाले. वाफेतून नुसती त्यांची शिखरं दिसत होती. एवढ्या गर्दीतही काका खुर्चीला पाठ लावून, हात पसरून उभे होते. "इथं नको! ही जागा राखीव आहे! कृपा करा, ही राखीव आहे!" त्यांच्या आवाजात असं काही होतं, की ब्लँकेटवाले आजोबा आपलं ब्लँकेट डोक्यावरच घेऊन उभे राहिले.

आणि मग गादी आली.

गादीचा उल्लेख जाहिरातीत कुठंही नव्हता, हे मी आजही कुणालाही दाखवायला तयार आहे! पण एक जाडजूड गृहस्थ दुहेरी गादी घेऊन निघाले होते. "खोळ धुवायचीय, काढायला वेळ नव्हता." आमच्या जिन्याला मध्ये एक वळण आहे. त्या वळणावर गादी जी बसली, ती बसलीच. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी! खालून आमचे हे ढकलायला लागले. वरून शंकासुर. दोघांनाही वाटत होतं आपण मदत करतोय.

आता कुणाला वर येता येईना, कुणाला खाली जाता येईना. सगळी खोली कोंडली गेली. लोक आपापल्या गाठोड्यांवर बसले.

त्या वेळी माझं लक्ष तिच्याकडं गेलं. गादीच्या जरा आधी वर आली असावी. सडपातळ, करड्या कपड्यांतली तरुण मुलगी. एकटी तीच अशी, की तिच्याजवळ गाठोडं नव्हतं. एका हातात आमचा इतिहास. दुसऱ्या हातात काहीतरी लहानसं यंत्र. तिनं ते समोर धरलं, आणि काय सांगू, त्यातून एक लाल किरण निघाला! वाफेतून सरळ, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखा, समोरच्या घड्याळापर्यंत! यंत्र बारीक आवाजात 'टीं' म्हणालं.

शंकासुरांचा हात चिठ्ठीसकट हवेतच राहिला.

खरं सांगते, त्या क्षणी माझाही विश्वास बसला होता. आली! मनात म्हटलं, आपलं कुणीतरी वाचलं हो!

काका बाजूला झाले. खुर्ची हातानं पुसली. "बसा," म्हणाले. "उशीर नाही झालेला."

ती मुलगी जराशी गोंधळली, पण उभं राहून दमली असावी. बसली. त्या खुर्चीत माणूस बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. काकांनी चहाचा कप पुढं केला आणि ती तो प्यायली. निवांत, शेवटच्या घोटापर्यंत!

"तुम्ही हे वाचलंत?" काकांनी तिच्या हातातल्या इतिहासाकडं बोट केलं.

"वाचलं ना," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

काकांचे डोळे भरून आले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. इतक्या हळू, की मला वाटतं घड्याळांनीसुद्धा टिकटिक जरा कमी केली. "मग... आमचं पुढं काय होतं? ही खोली राहते का?"

"ते अजून ठरलेलं नाही," मुलगी म्हणाली. "तेच ठरवायला आलेय मी."

आणि तिनं रिकामा कप खाली ठेवला, तेव्हा तिच्या मनगटाला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा वाजला. जुडग्याला लोंबत होती एक चिमुकली पितळी तोटी.

मी डोळे मिटले. मालकीणबाई! किरण कसला, खोलीची लांबी-रुंदी मोजायचं यंत्र ते! तोट्यांची कपाटं किती मावतील ते बघत होती!

आता काकांना सांगावं की न सांगावं? काका तिला म्हणत होते, "ठरायचं असेल तेव्हा ठरू दे. तुम्ही आलात, आमचं काम झालं." आणि तिकडं गाठोड्यांवर बसून कंटाळलेल्या लोकांनी, हाताशी दुसरं काही नसल्यामुळं, इतिहास वाचायला घेतला होता! रजईवाल्या बाईंनी विचारलं, "अहो, पण त्या परवा मंडळाचं शेवटी काय झालं?" ब्लँकेटवाले आजोबा हळूच म्हणाले, "मी होतो परवा मंडळात." झालं! डॉक्टरीणबाईंनी त्यांना पकडलं. "मग सांगा, यंत्रमानवाला दुखतं की नाही? आ करू नका, नुसतं सांगा!" अख्खी खोली दोन्ही बाजूंनी बोलायला लागली. बाहेर उजेड उतरत चालला होता. गाठोड्यांवर बसलेली ती माणसं, खाली ढग, भिंतींवर साऱ्या जगाच्या वेळा. वाटत होतं, खोली केव्हाच जागची सुटलीय आणि आम्ही सगळे मिळून कुठंतरी निघालोय. वाटेत चहा मिळेल असं.

मालकीणबाई उठून माझ्याजवळ आली. "काकू," दबक्या आवाजात म्हणाली, "ते आजोबा मला कोण समजताहेत?"

मी सांगितलं. खुर्चीचं सांगितलं, इतक्या वर्षांच्या गार चहाचं सांगितलं, आणि आज कुणी आलं नसतं तर त्यांनी काय समजायचं ठरवलं होतं तेही सांगितलं.

ती किल्ल्यांच्या तोटीशी नुसती चाळा करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी खोली काढून घेतली, तर ती पुढच्या काळानंच काढून घेतली, असं होईल."

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"भलतंच काम दिलंत मला!" ती म्हणाली आणि यंत्र खिशात टाकलं. "तोट्या काय, कुठंही मावतील. राहू दे खोली. फक्त आधी ती गादी काढा, मला घरी जायचंय."

गादी शंकासुरांमुळं निघाली. जन्मात पहिल्यांदा त्यांची शंका उपयोगी पडली. ढकलता ढकलता थांबून ते म्हणाले, "पण दोन्हीकडून ढकललं, तर ही जाणार कुठं?" वरचं ढकलणं थांबलं, तशी गादी, तिचे मालक आणि मागून आमचे हे, असे सगळे एकदमच वर आले.

जाताना काकांनी तिला दारापर्यंत सोडलं. "परत येता येईल का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, नियमात बसतं का?"

"पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली. आणि आली की हो! आता दर रविवारी येते. खुर्चीत बसते, चहा पिते, भांडते. 'दुखत नाही' पक्षात आहे. काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. मला वाटतं, त्यांना माहीत असावं. परवा त्यांच्या दुकानात गळका नळ होता, तर ते कसे सरळ तिच्याकडं गेले? पण विचारलं तर म्हणाले, "पुढच्या काळातल्या माणसांना काहीतरी धंदा नको का करायला?"

कुंडीतलं झाड तेवढं सुकायला लागलंय. त्याला आता माझ्या कपातला अर्धा देते.

बाकी त्या निम्म्या दरातल्या रजया धुता धुता माझी कंबर गेली ती गेलीच. तरी इतिहासाची दुसरी आवृत्ती मीच लिहिलीय. 'या रविवारी पाहुणी आली' असं काकांनी सांगितलं, आणि मी तसंच लिहिलं. शंकासुरांनी ते वाक्य दोनदा वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि शंका न काढता पान उलटलं!

मागचं पान या वेळी मी कोरं ठेवलंय. म्हणजे, जवळजवळ कोरं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, एवढंच: गाद्या आणू नयेत.